वाकलेली पाठ : कारण आणि उपाय

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे भोसरी, चाकणपर्यंत उद्योग विस्तारले. यंत्रावर तासन्‌तास ओणवे राहिल्याने छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे दुर्बळ होतात आणि खांदे पुढे झुकतात. यावरील व्यायाम सोपे आहेत. भिंतीला पाठ टेकून, कोपरांत वाकवलेले हात भिंतीलगत दहा वेळा वर-खाली सरकवावेत. खांद्यांची पाती मागे जवळ आणून पाच सेकंद धरावीत. पालथे झोपून भुजंगासन करावे. मात्र कामाचे मेज बेताच्या उंचीचे नसेल, तर व्यायामाचा लाभ टिकत नाही. शाळेतील बाकांनाही हेच लागू पडते. पाठ दुखत असेल किंवा प्रयत्न करूनही सरळ होत नसेल, तर प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. श्रमिकाचे शरीर हीच त्याची पुंजी होय.