पेकान आणि शेंगदाणा

बंगळूर शहराची पहिली आखणी केंपेगौडाने १५३७ मध्ये केली असे मानतात. एका चौकातून त्याने चार दिशांस चार नांगर हाकले आणि त्या तासांवर शहराचे रस्ते उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. दोड्डपेटे व चिक्कपेटे, म्हणजे थोरली पेठ व धाकटी पेठ, जेथे एकमेकींस मिळतात तोच हा चौक होय. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य ह्याच शहरात होते. तेव्हा मराठी वाचकास ही पेठ अगदीच परकी नाही. आज चिकपेटची ख्याती आहे ती रेशमी वस्त्रांबद्दल. परंतु जुन्या पेठांच्या गल्लीबोळांत वाणसामान व सुका मेवा ह्यांचाही व्यापार चालतो, आणि आपला विषय त्याच दुकानांतला आहे.

काजू, बदाम व काश्मिरी अक्रोड ह्यांच्या जोडीला मोठ्या शहरांच्या बाजारांत आता पेकान हे फळ येऊ लागले आहे. ते बव्हंशी परदेशातून येते. हिमाचल प्रदेश व उत्तरेकडील अन्य डोंगराळ भागांत त्याची थोडी लागवड आहे, पण ती अल्पच. पेकान हा अक्रोडाच्या कुलातील वृक्ष असून त्याचे मूलस्थान उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व मेक्सिको हे आहे. दगडाने फोडावे लागणारे फळ, असा त्या नावाचा तेथील आदिवासींच्या भाषांतील अर्थ आहे. लुइझियाना प्रांतातील एका मळ्यावर आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६ च्या सुमारास ह्या झाडाची कलमे यशस्वीपणे बांधली, आणि तेव्हापासून निवडक जातींच्या बागा लावणे शक्य झाले. ह्या माळ्याचे आडनावसुद्धा इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही.

ह्या महाग फळात शरीरास उपयोगी असे काय आहे? १०० ग्रॅम गरात सुमारे ७२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ९ ग्रॅम प्रथिने व साडेनऊ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. उष्मांक ६९० च्या घरात जातात. एवढी स्निग्धता पाहून वाचक दचकेल. पण स्निग्ध पदार्थ किती, ह्याइतकेच ते कोणत्या जातीचे, हे महत्त्वाचे असते. पेकानच्या तेलात तूप किंवा खोबरेल ह्यांत विपुल असणारी संपृक्त मेदाम्ले जेमतेम बाराव्या हिश्शाइतकी असतात. निम्म्याहून अधिक भाग ऑलिव्हच्या तेलात असते त्याच ओलेइक अम्लाचा असतो. शिवाय जस्त, तांबे, मँगॅनीज व मॅग्नेशियम ही खनिजे आणि थायमिन हे जीवनसत्त्व त्यात चांगल्या प्रमाणात आढळते.

कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे केलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २३ निरोगी स्त्रीपुरुषांना चार आठवडे हृदयरोग टाळण्यासाठी शिफारस केलेला आहार आणि चार आठवडे त्याच आहारातील पाचव्या हिश्शाइतके उष्मांक पेकानमधून मिळतील असा आहार देण्यात आला. दुसऱ्या आहारानंतर रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल पहिल्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरले. येथे एक गोष्ट निसटू देता कामा नये. पेकान नेहमीच्या जेवणावर वाढलेले नव्हते. तितकेच अन्य अन्न कमी केलेले होते. रोजच्या भाकरी-भाजीवर मूठभर पेकान अधिक खाणाऱ्यास ह्या प्रयोगाचा आधार घेता येणार नाही. तीस ग्रॅम पेकानचे दोनशेवर उष्मांक होतात. ते चहाबरोबरच्या फरसाणाऐवजी आले तर लाभ. फरसाणानंतर आले तर केवळ भर.

आता त्याच दुकानातील दुसऱ्या पोत्याकडे पाहू. शेंगदाणा हा वनस्पतिशास्त्रानुसार अक्रोडाचा कोणी नव्हे. तो तूर-हरभऱ्याच्या कुलातला. तरीही १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात व त्यांत ओलेइक अम्लच सर्वांत अधिक असते. तंतुमय पदार्थ साडेआठ ग्रॅम, म्हणजे पेकानच्या जवळपास. आणि प्रथिने तब्बल २६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट! नायसिन व फोलेट ह्या जीवनसत्त्वांतही तो पेकानच्या कितीतरी पुढे आहे. मँगॅनीज व जस्त ह्यांत पेकान सरस ठरतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु किंमत पाहता, मुलाबाळांच्या घरात कोणते पोते आधी उघडावे ह्याविषयी प्रस्तुत लेखकास तरी शंका नाही.

ह्या मतास पुरावाही आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये व चीनमधील शांघाय येथील दोन लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील अमेरिकन लोक बहुतांशी अल्प उत्पन्नाचे होते, आणि शांघायकरांच्या बाबतीत मोजलेला दाणा म्हणजे शेंगदाणाच होता. अधिक दाणे खाणाऱ्यांत मृत्यूचे, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे, प्रमाण कमी आढळले. अशी पाहणी कार्यकारणसंबंध सिद्ध करीत नाही. दाणे खाणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. मात्र हा लाभ केवळ महागड्या फळांचाच नव्हे, एवढे तिच्यावरून सुचते.

शेंगदाण्याचे हे मोल आपल्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखले होते. म्हैसूर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ ७५ भाग व हरभऱ्याचे पीठ २५ भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून, कुपोषित मुलांसाठी बहुगुणी अन्न सिद्ध केले.

एका दोषात मात्र शेंगदाणा अधिक धोक्याचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष त्यास कारण होते, असे संशोधनान्ती ठरले. हे विष यकृतास घातक असून साध्या भाजण्या-शिजवण्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून सुरकुतलेले, काळवंडलेले, बुरशी धरलेले अथवा कडू लागणारे दाणे निवडून फेकून द्यावेत. कुटात दडपू नयेत. पेकानचा शत्रू निराळा. त्याचे तेल हवेने लवकर खवट होते. सोललेला पेकान घट्ट झाकणाच्या डब्यात घालून शीतकपाटात ठेवावा. दोहोंपैकी कशाचेही काही व्यक्तींना तीव्र वावडे असते. आणि अगदी लहान मुलांना अख्खे दाणे कधीही देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात.

चिकपेटच्या दक्षिणेस बसवनगुडी येथे कार्तिकातील शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी कडलेकायी परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरते. शेंगा खाऊन पिकाची नासाडी करणाऱ्या नंदीची तेथे कथा सांगतात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे सोळाव्या शतकाआधी आलेला नसल्याने कथाही त्याहून जुनी नसावी. जत्रेतील ओल्या शेंगा घरी साठवू नयेत. त्या मीठ घालून उकडून त्याच दिवशी खाव्यात. साठवणीसाठी वाळलेली शेंग घ्यावयाची असेल, तर ती कानाशी धरून हलवावी. नीट वाळलेली असल्यास आतला दाणा वाजतो.