आधीच्या मालकाची झुडपं: फुलं नसताना ओळखायची कशी?

अंगणातलं झुडूप अनोळखी वाटलं म्हणून लगेच कोयता चालवू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. तोवर पानांवरून अंदाज बांधता येतो. समोरासमोर चकचकीत पानं आणि तोडल्यावर पांढरा चीक, तर बहुधा तगर. चीक नसेल तर अनंत असू शकतो. दातेरी कडांचं, कुसकरल्यावर बुळबुळीत लागणारं पान जास्वंदीचं. पॉलिशपेपरसारखं खरखरीत पान आणि चौकोनी काटकी असेल, तर पारिजातक. लांब, अरुंद पानं तीन-तीनच्या फेऱ्यात आली, तर ती कण्हेर. ही नखशिखांत विषारी; छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत, जाळूही नयेत, धूर बाधतो.

ओळख पटली की पुढची निगा. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडावं, जानेवारीत छाटून शेणखत द्यावं. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण: आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाच्या पाण्यात कालवलेलं निंबोळी तेल. अनंताची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्याच, हे लोह कमी पडल्याचं लक्षण. बोअरचं जड पाणी हे त्याचं नेहमीचं कारण. गांडूळखत आणि साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं.