दिवसांचा हिशेब, वास्तव्याचा पुरावा

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा एक पाय बहुधा मायदेशातच असतो. वृद्ध आईवडिलांचे आजारपण, घर-शेतीची व्यवस्था, लग्नकार्ये या निमित्ताने टोरोंटो वा व्हँकुव्हरहून नाशिक, नागपूर, बडोदे, इंदूरकडे फेऱ्या सुरूच राहतात. कॅनडाचे स्थायी रहिवासी कार्ड, म्हणजेच पी. आर. कार्ड, नूतनीकरणास आले की या प्रत्येक फेरीचा हिशेब द्यावा लागतो.

कॅनडात २००२ पासून लागू असलेल्या स्थलांतरविषयक कायद्यानुसार स्थायी रहिवाशाने कोणत्याही पाच वर्षांच्या कालावधीत किमान ७३० दिवस त्या देशात वास्तव्य केले पाहिजे. हे दिवस सलग असण्याची आवश्यकता नाही. कार्डाची मुदत साधारणतः पाच वर्षांची असते. मुदत संपली म्हणून रहिवासाचा दर्जा आपोआप संपत नाही. परंतु वैध कार्डाशिवाय विमानाने कॅनडात परतणे कठीण होते.

कोणते दिवस धरले जातात?

आगमनाचा आणि प्रस्थानाचा दिवसही कॅनडातील वास्तव्यात गणला जातो. कॅनडाचे नागरिक असलेल्या पती वा पत्नीसमवेत परदेशात घालवलेले दिवस, तसेच कॅनडातील उद्योगाने पूर्णवेळ कामासाठी परदेशी पाठविले असल्यास ते दिवसही ग्राह्य ठरू शकतात. मात्र नागरिक असलेल्या मुलाकडे राहणाऱ्या आईवडिलांना अशी सवलत नाही. त्यांना आपले दिवस स्वतःच पूर्ण करावे लागतात.

समजा, असे एखादे दांपत्य दरवर्षी १५० दिवस कॅनडात राहते. पाच वर्षांत ७५० दिवस भरतात. हाताशी उरतात अवघे वीस. भारतातील एखादी शस्त्रक्रिया किंवा लांबलेली विश्रांती ही शिल्लक सहज संपवू शकते.

पुरावा कशाचा?

वास्तव्य सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. पारपत्रातील शिक्के हा पहिला आधार. म्हणून मुदत संपलेले जुने पारपत्रही जपून ठेवावे. त्याशिवाय कर निर्धारणाच्या सूचना, वेतनपावत्या, भाडेकरार आणि बँकेचे खातेउतारे उपयोगी पडतात.

खातेउताऱ्याचे महत्त्व येथे विशेष आहे. किराणा, औषधे, बसभाडे अशा किरकोळ नोंदी खातेदार त्या दिवशी कोठे होता याची साक्ष देतात. खात्यात केवळ रक्कम पडून असणे म्हणजे वास्तव्य नव्हे. भारतातील खात्याचा उताराही याच न्यायाने बोलतो. ज्या आठवड्यात अर्जदार कॅनडात असल्याचे लिहितो, त्याच आठवड्यात त्याने नागपूरच्या ए.टी.एम.मधून रक्कम काढली असेल, तर खुलासा द्यावा लागणारच. शिवाय २०२० पासून विमानाने कॅनडाबाहेर जाणाऱ्या प्रवाशांची नोंद तेथील सीमा यंत्रणेकडे जमा होते. त्यामुळे प्रवासाच्या तारखा अंदाजाने लिहिणे धोक्याचे ठरते. जाणीवपूर्वक चुकीची माहिती दिल्यास रहिवासाचा दर्जाच गमवावा लागू शकतो.

दिवस कमी पडले तर

दिवस कमी भरले म्हणजे सर्व दारे बंद झाली असे नाही. मरणासन्न मातापित्यांची शुश्रूषा, स्वतःचे गंभीर आजारपण, मुलांचे हित अशा मानवतावादी कारणांचा विचार करण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडणे हितावह. भारतात असताना कार्डाची मुदत संपल्यास परतीसाठी विशेष प्रवासपत्र मागता येते; वास्तव्याची अट पूर्ण न झाल्याच्या कारणाने ते नाकारले गेल्यास ६० दिवसांच्या आत अपील दाखल करता येते.

प्रत्येक प्रवासाच्या तारखा एका वहीत त्याच दिवशी टिपून ठेवणे आणि वर्षाअखेरीस त्या खातेउताऱ्याशी ताडून पाहणे, ही सवय लहान असली तरी मोलाची आहे. पाच वर्षांपूर्वीचा दिवस स्मरणातून उभा करणे कठीण असते; लिहिलेली नोंद मात्र वेळेवर साथ देते.