जुन्या मोटारीतील गारवा

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा पुन्हा सुरू करताना खरा शत्रू उष्णता नव्हे, ओलावा होय. यंत्रणा एकदा उघडी पडली की हवेतील बाष्प आत शिरते. ते झडपेच्या सूक्ष्म छिद्रात गोठून वायूची वाट अडवते. त्यापासून आम्ल होऊन धातूही झिजतो. म्हणून रबरी कडी आणि ओल शोषणारी कुपी नवी बसवून, पंपाने आतील हवा उपसावी लागते. निर्वातात पाणी साध्या तपमानासही उकळून निघून जाते.

येथे बंगळूरची उंची ध्यानात घ्यावी. सुमारे ९२० मीटर उंचीवरील या शहरी हवेचा दाब पाऱ्याच्या ६८० मिलिमीटरांच्या आसपास असतो. मुंबईस मापकाचा काटा ७६० च्या जवळ पोहोचतो. बंगळूरला तो ६८० पाशीच थांबणार. तो पंपाचा दोष नव्हे.

पूर्वीचा आर-१२ वायू ओझोनच्या थराचा नाश करतो. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे त्याचे उत्पादन बंद झाले. त्याऐवजी आर-१३४ए भरावयाचा, तर जुने खनिज तेल धुऊन काढून त्याला मानवणारे तेल घातले पाहिजे. यंत्रणेत उरलेला जुना वायू मात्र हवेत न सोडता नळकांड्यात साठवावा. आपल्या घटकाभराच्या गारव्याची किंमत साऱ्यांच्या आकाशाने का मोजावी?