दूरच्या संगणकाचें दार उघडत नाहीं तेव्हां

मृग नक्षत्र तोंडावर आलें कीं जालन्याच्या बियाणें-व्यापारांत लगबग सुरू होते. अशा वेळीं एखादा हिशेबनीस भोकरदनास घरीं बसून, जालन्याच्या कचेरींतील सर्व्हरवर चलन करूं पाहतो, आणि पडद्यावर निरोप येतो : जोडणी होऊं शकत नाहीं. भरलेली मालमोटार फाटकांत उभी, आणि कागद मात्र निघत नाहीं! अशा प्रसंगीं काय करावें, याचा आज विचार करूं.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या यंत्राचा पडदा आपल्यापुढें आणणारी सोय. तिचे टप्पे तीन : रस्ता, दार आणि ओळख. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हें ठरल्यावांचून कशालाहि हात लावूं नये.

प्रथम रस्ता. अडचण एकट्याची कीं सर्वांची, हें आधीं विचारावें. एकट्याचीच असेल, तर त्याचें इंटरनेट व कचेरीचें व्हीपीएन जोडलेलें आहे काय हें पाहावें. सर्वांची असेल, तर वीज जाऊन आल्यावर सर्व्हर बंदच राहिला नाहीं ना, हें पहारेकऱ्यास फोनवर विचारावें. वीज परतल्यावर राउटर सर्व्हरला नवाच पत्ता देतो, असेंहि घडतें; मग आपण जुन्याच घरीं हांका मारीत बसतों. सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून ठेवणें हा त्यावर उपाय.

आतां दार. याचा ठरलेला क्रमांक ३३८९. पिंगला उत्तर नाहीं म्हणून सर्व्हर बंद आहे असें समजूं नये. फायरवॉल पुष्कळदां पिंग अडविते. पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा, पत्ता व क्रमांक देऊन चालविल्यास, दार उघडें आहे कीं नाहीं तें सांगते. बंद असेल, तर रिमोट डेस्कटॉपची सेवा चालू आहे काय आणि फायरवॉलची तिला परवानगी आहे काय, हें सर्व्हरवर पाहावें लागतें.

शेवटीं ओळख. परवलीचा शब्द चुकल्याचा निरोप आला, तर रस्ता व दार ठीक आहेत असें समजावें. मग खातें कुलूपबंद झालें आहे काय, आपलें नांव परवानगीच्या यादींत आहे काय, दोन्ही यंत्रांचीं घड्याळें जुळतात काय, हें तपासावें. विशेष परवाना न घेतलेल्या विंडोज सर्व्हरवर एका वेळीं दोघांनाच बसतां येतें. आधींचे दोघे बसलेलेच असतील, तर तिसरा अडतो.

घाईंत मात्र एक मोह होतो : फायरवॉलच काढून टाकावी, किंवा ३३८९ चें दार साऱ्या जगाला मोकळें करावें. मे २०१९ मध्यें ‘ब्लूकीप’ नांवाचा दोष उघडकीस आला. परवलीच्या शब्दावांचूनहि या दारानें जुन्या विंडोजवर ताबा मिळवितां येत होता. मायक्रोसॉफ्टला तेव्हां, केव्हांच सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठींहि दुरुस्ती द्यावी लागली. मालमोटार तासभर थांबली तर तें नुकसान भरून निघतें. हिशेब परक्याच्या हातीं गेला तर निघत नाहीं. म्हणून दार व्हीपीएनच्या आंतच ठेवावें. आणि सर्व्हरचा पत्ता, तपासणीचा हा क्रम व कचेरींतील माणसाचा फोन-क्रमांक कागदावर लिहून, हंगामापूर्वींच प्रत्येक हिशेबनिसाच्या घरीं पोंचवावा.