सीरियातला ‘हीरो बॉय’ खोटा निघाला, पण पत्रकार एवढे का भडकले?

गोळ्यांचा आवाज येतोय. पळता पळता एक लहान मुलगा खाली कोसळतो. मेला असं वाटत असतानाच तो उठतो, गाडीमागे लपलेल्या मुलीचा हात धरतो आणि तिला घेऊन पळतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर आलेला हा व्हिडिओ सीरियातला म्हणून लाखो लोकांनी पाहिला.

मग सत्य काय होतं?

काही दिवसांतच नॉर्वेचे दिग्दर्शक लार्स क्लेव्हबर्ग यांनी बीबीसीला सांगितलं की, हे सगळं शूटिंग माल्टामध्ये झालंय. दोन्ही मुलं कलाकार होती. या फिल्मला नॉर्वेजियन फिल्म इन्स्टिट्यूटचा निधीही मिळाला होता. खरा वाटणारा व्हिडिओ लोक शेअर करतील आणि युद्धात अडकलेल्या मुलांवर चर्चा होईल, असा त्यांचा हिशोब होता.

टीका कशावर झाली?

हेतू चांगला होता, हे काहींनी मान्य केलं. पण पत्रकार आणि व्हिडिओंची पडताळणी करणारे अभ्यासक संतापले. त्यांनी खुलं पत्र लिहून निषेध केला.

कारण त्या काळात परदेशी पत्रकारांना सीरियात जाणं जवळपास अशक्य झालं होतं. तिथे काय चाललंय, हे जगाला कळायचं ते सामान्य लोकांनी जीव धोक्यात घालून मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओंमधून. असद सरकार असे व्हिडिओ बनावट असल्याचं सांगून उडवून लावायचं. या फिल्ममुळे त्यांच्या हातात आयतंच कोलीत मिळालं. उद्या एखाद्या जखमी मुलाचा खरा व्हिडिओ आला, तरी ‘हाही सेटवरच शूट केला असेल’ असं म्हणणं सोपं झालं.

शेवटी क्लेव्हबर्ग यांनी माफी मागितली.

म्हणजे अशा फिल्म बनवूच नयेत का?

तसं नाही. ब्रायन डी पाल्मा यांचा इराक युद्धावरचा ‘रिडॅक्टेड’ सिनेमाही सैनिकाने शूट केलेल्या व्हिडिओसारखाच दिसतो. त्यावर अमेरिकेत टीका झाली, तरी २००७ मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. फरक एवढाच की, ही कथा काल्पनिक आहे, हे तो सिनेमा सुरुवातीलाच सांगतो. ‘हीरो बॉय’ने तेच लपवलं.

त्यामुळे युद्धाचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी तो कुठला आहे, कधीचा आहे आणि आधी कुणी टाकला, एवढं नक्की बघा. खोटा व्हिडिओ पसरला की त्याची किंमत खऱ्या पीडितांना मोजावी लागते.