नाव सांगितल्यावर

धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि कुर्ल्याचं घर अपुरं पडू लागलं. आम्ही दोघं, दोन मुलं. शाळा सुटू नये म्हणून चेंबूरच्या बाजूलाच भाड्याने घर शोधू लागलो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी घरचीच. फोनवर एजंट मोकळेपणाने बोलायचे, "या ना ताई, रविवारी बघून घ्या." मग नाव विचारायचे आणि ते घर "कालच गेलेलं" असायचं. कुणी सरळ म्हणे, "सोसायटीत चालत नाही." पाच-सहा फोन झाल्यावर आम्ही नाव आधीच सांगू लागलो. रिक्षाचं भाडं तरी वाचलं!

सोसायटीचं कारण किती खरं? गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींत घर भाड्याने देताना पूर्वपरवानगीची अट नाही. सभासदाने संस्थेला आधी कळवायचं असतं.

सासरे म्हणाले, "मुंब्र्याला जा, आपली माणसं आहेत." १९९२-९३च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबं तिकडे गेली, आमचे नातेवाईकही. पण रोज लोकलच्या गर्दीतून मुलांना शाळेत कोण आणणार?

दोन महिन्यांनी एका वयस्कर बाईंनी होकार दिला. "भाडं वेळेवर द्या, बाकी मला काय करायचंय!" अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही इतके हरखलो की एजंट सांगेल त्याला मान डोलवत गेलो. डिपॉझिट रोख द्या, बरं. करार साध्या स्टॅम्पपेपरवर, रजिस्टर कशाला, बरं. घर हातचं जाईल या भीतीने तोंड उघडेना.

नणंदेच्या यजमानांनी अडवलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. भगिनींनो, आभाराच्या भरात आपण नेमका हाच कागद सोडतो. मग डिपॉझिट परत मागताना हातात काय असतं?

आम्ही भीत भीत बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग आधी नाही का सांगायचं?" डिपॉझिट चेकने दिलं, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा केला. नोंदणीवाला मुलगा घरीच मशीन घेऊन आला, सगळ्यांचे अंगठे घेतले.

करार ११ महिन्यांचा. आता नववा चालू आहे. बाई म्हणतात, "पुढचंही करून टाकू." कागद मात्र अजून व्हायचा आहे.